घरच्या कोंबड्यांचा क्रॉस आणि रंगावरून नर-मादी ओळखणं: नेहमी येणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे डोकं खाजवायला लावणारे. प्रश्नांना नंबर दिलेत कारण एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहीत बसलो नाही, तिथे नुसता नंबर दिलाय.

१. पिल्लू निघाल्या दिवशीच नर का मादी हे रंगावरून खरंच कळतं का, का नुसत्या गप्पा आहेत?

कळतं, पण कुठल्याही पिल्लात नाही. ठराविक रंगाचा कोंबडा आणि ठराविक रंगाची कोंबडी अशी जोडी लावली तरच त्यांची नर पिल्लं एका रंगाची निघतात आणि मादी दुसऱ्या, याला सेक्स लिंक क्रॉस म्हणतात. जोडी बरोबर असेल आणि आईबाप खरंच त्या जातीचे असतील तर चूक फार क्वचित होते. पण अंगणातल्या कुठल्याही कोंबडीखाली निघालेली पिल्लं बघून "काळी ती मादी, पिवळा तो नर" असं कुणी सांगत असेल तर तो अंदाज मारतोय, आणि अंदाज निम्म्या वेळा बरोबर येणारच की!

२. पण रंगाचा आणि नर-मादीचा संबंध काय? सोप्या भाषेत सांगा.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे दोन झेड क्रोमोसोम असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आईने झेड दिला तर नर पिल्लू, डब्ल्यू दिला तर मादी. बाप दोघांनाही झेडच देतो कारण त्याच्याकडे दुसरं काही नाहीच.

आता यातली गंमत बघा. आईच्या झेडवर जो रंगाचा जीन असेल तो फक्त तिच्या नर पिल्लांना मिळतो, मादी पिल्लांकडे तो जातच नाही, त्यांच्याकडे झेड आहे तो एकटा बापाचा. म्हणून आईकडे वरचढ जीन (एकच मिळाला तरी दिसणारा) असला आणि बापाकडे दबणारा (वरचढाखाली झाकला जाणारा), की नर पिल्लं आईचा गुण दाखवतात आणि मादी पिल्लं बापाचा. पूर्ण सेक्स लिंकचं तंत्र एवढंच आहे. पिसांवरचे आडवे पट्टे या पद्धतीने उतरतात हे अमेरिकेतल्या विल्यम स्पिलमन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्येच दाखवलं होतं, म्हणजे हे काही नवीन फॅड नाही.

एक लक्षात ठेवा, सगळेच रंग झेडवर नसतात. काळा, बफ (फिकट सोनेरी-पिवळा), निळा, पांढरा यांचे मुख्य जीन दुसऱ्या क्रोमोसोमवर आहेत, ते नर-मादीत सारखेच वाटले जातात. आपल्या कामाचे रंगाचे जीन दोनच, पट्ट्यांचा आणि सिल्व्हर-गोल्डचा (अंग फिकं पांढरट की तांबडं-बफ हे ठरवणारा). पट्टे बिनपट्ट्यांवर वरचढ, सिल्व्हर गोल्डवर वरचढ.

३. मग घरी करायला भरवशाची जोडी कुठली?

दोन प्रकार आहेत.

पहिला पट्ट्यांचा. आई पट्ट्यांची पाहिजे, म्हणजे बार्ड प्लायमाउथ रॉक किंवा कुकू मारान्स, आणि बाप बिनपट्ट्यांचा, म्हणजे आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), न्यू हॅम्पशायर, ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प यातला कुठलाही. आरआयआर कोंबडा आणि बार्ड रॉक कोंबडी ही तर जुनी, हजार जणांनी केलेली जोडी. पिल्लं सगळी काळीच निघतात, पण नराच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो आणि मादीच्या नसतो. मोठी झाली की मादी काळी, गळ्याशी थोडी तांबूस झाक असलेली, आणि नर पट्ट्यांचा.

दुसरा गोल्ड-सिल्व्हरचा. बाप गोल्ड, म्हणजे तांबडा किंवा बफ: आरआयआर, न्यू हॅम्पशायर, बफ ऑर्पिंग्टन. आई सिल्व्हर: लाइट ससेक्स, डेलावेअर, सिल्व्हर लेस्ड वायनडॉट, ऱ्होड आयलंड व्हाइट. यात नर फिकट पिवळे-पांढरे निघतात आणि मादी तांबूस किंवा बदामी. पोल्ट्रीतल्या तपकिरी अंड्यांच्या लेअर, आयएसए ब्राऊन, लोहमान ब्राऊन वगैरे, याच तत्त्वावर तयार होतात, हॅचरीत रंग बघूनच वेगळ्या करतात.

माझं मत विचाराल तर नवीन माणसाने पट्ट्यांच्या जोडीपासून सुरुवात करावी. पट्ट्यांची कोंबडी डोळ्याला दिसते, फसायला जागा कमी. सिल्व्हरमध्ये "पांढरी म्हणजे सिल्व्हर" असं समजून लोक हमखास फसतात (प्रश्न ७).

४. डोक्यावरचा ठिपका नक्की कसा दिसतो? माझ्या सगळ्याच काळ्या पिल्लांना कुठेतरी पांढरं आहे.

सगळ्या काळ्या पिल्लांना कुठेतरी पांढरं असतंच, पोटाखाली, गळ्याशी, पंखांच्या टोकाला, कधी चेहऱ्याच्या बाजूलाही. ते सोडून द्या, त्याचा नर-मादीशी काही संबंध नाही. बघायचं ते फक्त डोक्याच्या वर, मागच्या बाजूला.

पिल्लू पूर्ण सुकू द्या. ओली लव डोक्याला चिकटलेली असते, ठिपका असून दिसत नाही. मग पिल्लू तळहातात घ्या, बोटांत मान हलकेच धरा आणि दिवसाच्या उजेडात सरळ वरून बघा. पिवळ्या बल्बखाली बघू नका, त्या उजेडात काळी लव पण तपकिरी वाटते आणि ठिपका पिवळट होऊन मिसळून जातो. नराचा ठिपका बहुतेकदा चांगला डाळीच्या दाण्याएवढा, कडा विस्कटलेल्या, रंग पांढरा ते मळकट पिवळा. कधी कधी नुसते चारपाच पांढरे केस असतात, ते पण धरायचे, मादीच्या डोक्यावर एकही नसतो. शंका आली तर बोटाने लव उलटी फिरवा, खालचे केस मुळाशी फिके दिसले तर ठिपका आहे.

ओळखलं की लगेच पायात रंगीत रिंग घाला किंवा डोक्यावर मार्कर लावा. दोनतीन आठवड्यांनी पंखात पिसं आली की नरांवर पट्टे स्पष्ट दिसतात, तेव्हा आपलं बरोबर होतं का ते ताडून बघता येतं.

५. लाल-पांढऱ्या क्रॉसमध्ये काही पिल्लं मधलीच दिसतात, ना धड पिवळी ना धड तांबडी. काय करायचं?

मधली दिसतात ती बहुतेकदा पाठीवर पट्टे असलेली असतात. पट्टे विसरा, पट्ट्यांच्या खालचा रंग बघा. फिकट अंगावर तपकिरी पट्टे म्हणजे नर, तांबूस अंगावर पांढरट किंवा गडद पट्टे म्हणजे मादी. एकेक पिल्लू हातात घेऊन ठरवण्यापेक्षा सगळी बॅच पांढऱ्या कापडावर सोडा, शेजारी शेजारी आली की दोन गट आपोआप दिसतात. हे पण पहिल्या एकदोन दिवसांतच करा.

नर मोठा झाल्यावर त्याच्या खांद्यावर, पाठीवर पिवळसर-तांबूस झाक आली तर घाबरू नका. त्याच्याकडे एक सिल्व्हर आणि एक गोल्ड असतो, सिल्व्हर वरचढ असला तरी गोल्ड थोडा डोकावतोच.

६. माझ्याकडे बार्ड कोंबडा आहे आणि आरआयआर कोंबड्या. उलटं करून चालेल ना?

नाही चालणार. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर दरवेळी नाहीच. बार्ड कोंबड्याकडे दोन झेड आणि दोन्हीवर पट्ट्यांचा जीन, तो नर-मादी दोघांनाही पट्टे देणार, सगळी पिल्लं पट्ट्यांची. सिल्व्हर कोंबडा आणि लाल कोंबडी केली तरी तेच, सगळी फिकट. पिल्लं चांगली होतील, वाढतील, अंडी देतील, फक्त रंगावरून ओळखता येणार नाहीत. कोंबडा बदला नाहीतर कोंबड्या बदला. वरचढ गुण नेहमी आईकडे.

७. माझी कोंबडी पांढरीशुभ्र आहे, म्हणजे ती सिल्व्हरच झाली ना?

इथेच घोळ होतो. पांढरा रंग कोंबड्यात वेगवेगळ्या कारणांनी येतो.

व्हाइट लेगहॉर्नमध्ये वरचढ पांढरा असतो. तो काळा रंग पुसून टाकतो आणि एका बाजूने मिळाला तरी पुरतो. म्हणून लेगहॉर्न कोंबडीवर लाल कोंबडा सोडला तर पिल्लं नर काय मादी काय सगळी पिवळट-पांढरी, फार तर मोठेपणी एखादा काळा डाग. आत खाली सिल्व्हर असेल, पट्टे असतील, काहीही असेल, पांढऱ्या चुन्याखाली भिंतीचा जुना रंग दिसत नाही तसं.

व्हाइट प्लायमाउथ रॉकसारख्या जातीत दबणारा पांढरा असतो, तो दोन्हीकडून मिळाला तरच दिसतो. रंगीत कोंबड्याबरोबर क्रॉस केला की पिल्लं रंगीत निघतात आणि मग आईच्या आत लपलेलं काय होतं ते बाहेर येतं. ते सिल्व्हर असेल तर नर फिके, मादी तांबड्या, मस्त काम होतं. पण प्रत्येक लाइनमध्ये (एकाच रक्ताच्या वंशात) आत तेच असेल असं नाही, कुणात खाली पट्टे पण असतात.

आणि खरी सिल्व्हर कोंबडी बऱ्याचदा पूर्ण पांढरी नसतेच, लाइट ससेक्स बघा, अंग पांढरं, मान आणि शेपटी काळी. अशी असेल तर निर्धास्त घ्या. पूर्ण पांढरी असेल तर आधी रंगीत कोंबड्याखाली पाचसहा अंडी उबवून बघा. बहुतेक पिल्लं पांढरीच आली तर सोडून द्या.

८. काळा ऑस्ट्रलॉर्प कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबडी, यात आई सिल्व्हर आहे, मग पिल्लं ओळखता येतील का?

येणार नाहीत. पूर्ण काळ्या कोंबड्याचा काळा रंग वरचढ असतो, पिल्लं सगळी काळी निघतात आणि सिल्व्हर-गोल्ड त्याच्याखाली झाकलं जातं. सिल्व्हर आईला लाल किंवा बफ बापच पाहिजे. हाच काळा कोंबडा पट्ट्यांच्या कोंबडीवर सोडा, तिथे तो एक नंबर काम करतो (प्रश्न ३).

याच्या उलटी अडचण पट्ट्यांच्या क्रॉसमध्ये येते. ठिपका दिसायला पिल्लाची लव काळी किंवा गडद लागते. पट्ट्यांची कोंबडी आतून काळी असेल, बार्ड रॉक असते तशी, तर काही प्रश्न नाही. पण पिवळट किंवा बफ अंगावर फिके पट्टे असलेली मिक्स कोंबडी असेल तर पिल्लं पिवळी निघतील आणि पिवळ्यावर पांढरा ठिपका काय दिसणार!

९. कोंबडा-कोंबडी दोन्ही बार्ड रॉक आहेत, शुद्ध. त्यांच्या पिल्लांत काही कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, क्रॉसइतकं पक्कं नाही. यात नराकडे पट्ट्यांचे दोन जीन, मादीकडे एकच. जीन जास्त तितका रंग जास्त उडतो. म्हणून नराचा ठिपका मोठा, पसरलेला, आणि पाय फिके. मादीचा ठिपका लहान, नेटका, आणि पायांवर पुढून काळपट झाक. मोठे झाल्यावर पण बार्ड कोंबडा कोंबडीपेक्षा फिकट दिसतो तो याचमुळे. पण मधल्या साइजचे ठिपके येतातच, तिथे दोघंजण दोन उत्तरं देतात.

यावरूनच पुढे केंब्रिजमध्ये रेजिनाल्ड पनेट आणि मायकेल पीज यांनी ऑटोसेक्सिंग, म्हणजे शुद्ध जातीतच पिल्लू रंगावरून ओळखू येईल अशा जाती तयार केल्या. काळ्या लवेवर फरक धूसर राहतो, मग त्यांनी पट्टे तपकिरी, खारीसारखे पट्टे असलेल्या पिल्लांवर आणले. कॅम्बार ही पहिली, १९२९ च्या सुमाराची, त्यानंतर लेगबार. जर्मनीत १९७० च्या दशकात बीलेफेल्डर आली. या जातीत मादी पिल्लाच्या पाठीवरचे पट्टे आणि डोळ्यामागची रेघ ठळक असते, नर धुरकट, फिकट, डोक्यावर ठिपका. आणि यात क्रॉस करायची गरजच नाही, शुद्ध जात पिढ्यानपिढ्या ओळखू येत राहते. कायमची सोय पाहिजे असेल आणि अशी जात मिळत असेल तर माझ्या मते क्रॉसच्या भानगडीपेक्षा हेच बरं.

१०. क्रॉसची पिल्लं मोठी झाली, आता त्यांच्याच जोड्या लावल्या तर त्यांची पिल्लं पण रंगावरून ओळखता येतील का?

नाही. सेक्स लिंक एकाच पिढीचा खेळ आहे. आरआयआर आणि बार्ड रॉकच्या क्रॉसमधला नर घ्या, त्याच्याकडे एका झेडवर पट्टे आहेत, दुसऱ्यावर नाहीत. त्याची बहीण बिनपट्ट्यांची. यांची जोडी लावली तर नरांतले निम्मे पट्ट्यांचे, निम्मे साधे, आणि माद्यांतही अगदी तसंच. ठिपका दिसला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. दरवेळी ओळखता येणारी पिल्लं हवी असतील तर मूळ आईबाप दोन्ही जातींचे सांभाळावेच लागतात, आणि त्यांची शुद्ध पिल्लं वेगळी काढून पुढचे आईबाप तयार करत राहावं लागतं. लोक इथेच कंटाळतात.

११. पोल्ट्रीतून आणलेल्या तपकिरी लेअर कोंबड्या आहेत. त्यांच्यावर कुठला कोंबडा सोडला तर सेक्स लिंक मिळेल?

सिल्व्हर-गोल्डने कुठलाच नाही. ती कोंबडी स्वतःच क्रॉस आहे आणि तिच्याकडे गोल्ड आहे, म्हणजे दबणारा जीन आईकडे, आपल्याला नेमकं उलटं पाहिजे. पट्टे तिच्याकडे नसतात. शिवाय अशा बऱ्याच कोंबड्यांत वरचढ पांढरा एकाच बाजूने आलेला असतो, तो काळा पुसतो (प्रश्न ७) पण तांबड्या अंगावर फारसा दिसत नाही, त्यामुळे पिल्लांत मध्येच पांढरी निघतात आणि लोक त्यांना नर समजून बसतात.

१२. आमच्याकडे सगळ्या गावरान, मिक्स रंगाच्या कोंबड्या आहेत. त्यांच्यात करता येईल का?

करता येईल, जर त्यात एखादी स्पष्ट आडव्या पट्ट्यांची, काळसर कोंबडी असेल तर. कोंबडी आहे म्हटल्यावर तिच्याकडे झेड एकच, त्यामुळे पट्टे दिसतायत म्हणजे जीन आहे आणि तिच्या सगळ्या नर पिल्लांना तो जाणार, तिचं बाकीचं खानदान कसलंही असो. कोंबडा बिनपट्ट्यांचा घ्या, पांढरा नको, शक्यतो काळा, म्हणजे पिल्लांची लव गडद येईल. फक्त पट्टे म्हणजे प्रत्येक पिसावर आडवे, एकाआड एक काळे-पांढरे, हे नीट बघा. नुसती ठिपक्याठिपक्यांची, चितकबरी, किंवा पिसाला कडेने काळी किनार असलेली कोंबडी पट्ट्यांची नव्हे, तिथे वेगळे जीन आहेत.

कोंबडा मिक्स असेल तर तो आत काय लपवून आहे हा प्रश्न येतो, ते पुढच्या उत्तरात.

१३. कोंबड्यात काय लपलंय ते कसं कळणार? पट्ट्यांचा कोंबडा शुद्ध आहे का हे पण तपासायचंय.

पट्टे वरचढ आहेत त्यामुळे बिनपट्ट्यांच्या रंगीत कोंबड्यात पट्टे लपत नाहीत, तो सरळ वापरा. अपवाद पांढऱ्या कोंबड्याचा, पांढऱ्याखाली काहीही लपतं. तसंच लाल कोंबडा नीट लाल असेल तर त्याच्यात सिल्व्हर लपत नाही.

पट्ट्यांच्या कोंबड्याकडे एक जीन आहे का दोन हे तपासायचं असेल तर त्याला बिनपट्ट्यांच्या रंगीत कोंबड्यांबरोबर ठेवा. एक जरी बिनपट्ट्यांचं पिल्लू निघालं तरी त्याच्याकडे एकच जीन आहे, विषय संपला. लागोपाठ सात पिल्लं पट्ट्यांची निघाली तर दोन्ही जीन आहेत असं धरायला हरकत नाही, कारण एकच असता तर प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता आणि सातही पट्ट्यांची निघायची शक्यता १२८ मध्ये एक.

१४. आधी दुसरा कोंबडा होता, तो काढून नवीन सोडला. किती दिवसांनी अंडी उबवायला ठेवू?

कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं वीर्य साठून राहतं, दोन आठवडे तर सहज, काहींत तीन आठवड्यांपर्यंत फलित अंडी येत राहतात. म्हणून जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे, जमलं तर चार, थांबा आणि मगच अंडी गोळा करा. मधल्या काळातली अंडी खा. रंगावरून ओळखायचा सगळा डोलारा बाप कोण आहे यावर उभा आहे, तिथेच घाई केली तर पुढचं सगळं वाया. कुंपणावरून उडी मारून येणारा शेजारचा कोंबडा असेल तर त्याचाही बंदोबस्त करा.

एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरतात. उबवायची अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा, फ्रिजमध्ये नाही. खुडूक कोंबडी असेल तर तिच्यासारखं मशीन नाही, इनक्युबेटर असेल तर पंखेवाल्यात ३७.५ डिग्री आणि २१ दिवस.

१५. पंखाची पिसं लांब असली की मादी, हे खरं का?

ठराविक क्रॉसमध्ये खरं, बाकी ठिकाणी नाही. पिसं उशिरा येण्याचा जीन पण झेडवरच आहे आणि तो वरचढ आहे. आई उशिरा पिसं येणाऱ्या लाइनची आणि बाप लवकर पिसं येणाऱ्या लाइनचा असेल तर नर पिल्लं आईसारखी उशिराची, मादी लवकरची. तत्त्व तेच, प्रश्न २ मधलं.

बघायची पद्धत अशी: पिल्लाचा पंख दोन बोटांनी हलकेच पसरवा, कडेला कोवळ्या पिसांच्या दोन ओळी दिसतील, खालची मुख्य पिसांची आणि वरून झाकणारी. खालची ओळ वरच्यापेक्षा स्पष्ट लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या किंवा खालची आखूड असेल तर नर. पण हे पहिल्या दिवशीच, फार तर दुसऱ्या. नंतर सगळ्यांचीच पिसं वाढतात आणि फरक मिटतो. व्हिडिओ बघून कुठल्याही पिल्लाचे पंख ताणणारे बरेच आहेत, त्या पिल्लाचे आईबाप दोन्ही लवकर पिसांचे असतील तर सगळीच पिल्लं "मादी" दिसतात!

१६. कडकनाथ कोंबडा वापरला तर काळ्या कातडीवरून कळतं का?

चांगला प्रश्न, आणि उत्तर हो. कातडीतला काळेपणा रोखणारा एक जीन झेडवर आहे आणि तो वरचढ आहे. कडकनाथ, सिल्की यांच्यात तो नसतो म्हणून त्यांचं कातडं, मांस, हाडाचं आवरणसुद्धा काळं. बार्ड रॉकसारख्या फिकट कातडीच्या कोंबडीत तो असतो. मग कडकनाथ कोंबडा आणि फिकट कातडीची कोंबडी केली की मादी पिल्लं काळ्या कातडीची आणि नर बरेच फिके. सिल्कीवर हे काम बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. उलटं केलं, कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा फिका, तर दोन्ही फिके निघतात. आई बार्ड रॉक घेतली तर डोक्यावरचा ठिपका पण मिळतो, म्हणजे दोन खुणा.

साध्या काळपट-हिरव्या पायांच्या जातीत पण हा रोखणारा जीन नसतो, पण तिथे पायाचा रंग उतरायला काही आठवडे लागतात, पहिल्या दिवशी भरवसा ठेवू नका.

१७. लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, अंड्यावर दोऱ्याला अंगठी टांगून बघायची, इनक्युबेटर थंड ठेवला तर माद्या जास्त... यातलं खरं काय?

काहीच नाही. कोंबडीचा झेड जाणार का डब्ल्यू हे अंडं घालायच्या आधीच ठरलेलं असतं, कवच त्यावर नंतर चढतं. मगर-कासवात तापमानाने फरक पडतो, पक्ष्यात तसं नाही. तापमान गडबडलं तर पिल्लं मरतील, बदलणार नाहीत.

१८. बारा पिल्लांत आठ नर निघाले, काहीतरी चुकलंय का?

नाही. बारा पिल्लांत आठ किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता साधारण पाचात एक आहे, म्हणजे वरचेवर होणारच. फक्त निघालेल्या नरांचं काय करायचं हे अंडी ठेवायच्या आधी ठरवा, कारण पहिल्या दिवशी ओळखता आलं म्हणजे ते नाहीसे होत नाहीत, त्यांनाही दाणा, ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी पेटी), जागा लागते.

१९. निळ्या रंगाची कोंबडी आणि निळी अंडी, यांचं पण सेक्स लिंक होतं का?

दोन्हीचं नाही. पिसांचा निळा रंग झेडवर नाही, निळा गुणिले निळा केलं की साधारण पाव काळी, निम्मी निळी, पाव स्प्लॅश (फिकट अंगावर निळे-काळे शिंतोडे), नर-मादीत सारखीच. निळ्या कवचाचा जीन वरचढ आहे पण तोही झेडवर नाही, त्यामुळे नर पिल्लांकडेही जातो, फक्त तो अंडी देत नाही म्हणून दिसत नाही.

पण निळा कोंबडा आणि पट्ट्यांची कोंबडी असा क्रॉस केला तर निम्मी पिल्लं काळी, निम्मी निळी-राखाडी, आणि दोन्हीत नराच्या डोक्यावर ठिपका. राखाडी लवेवर ठिपका फिकट दिसतो, नीट उजेडात बघा.

२०. क्रॉस करताना कुठल्या जोड्या टाळायच्या?

आखूड पायांच्या दोघांची जोडी लावू नका. जॅपनीज बँटम, स्कॉट्स डम्पी यांच्यातला तो जीन दोन्हीकडून मिळाला तर पिल्लू अंड्यातच मरतं, म्हणजे पाव अंडी वाया. कानाशी पिसांचे झुपके असलेल्या अरौकानाचंही तसंच. कुरळ्या पिसांची, म्हणजे फ्रिझल, दोन्ही घेतली तर काही पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की तुटून उघडी पडतात. आणि मोठ्या जड कोंबड्याखाली लहानखुरी बँटम कोंबडी देऊ नका, तिची पाठ सोलून निघते.

बापाला त्याच्याच मुलींवर पिढ्यानपिढ्या ठेवणंही टाळा. क्रॉसमध्ये जो जोम येतो, लवकर अंड्यावर येणं, काटकपणा, तो दोन वेगळ्या रक्ताच्या लाइन एकत्र आल्यामुळे असतो, घरातल्या घरात फिरवत राहिलं की तो जातो.

२१. डोक्यावर ठिपका होता म्हणून नर धरला, आता ती अंडी देतेय! कसं काय?

बहुतेक वेळा कारण साधं असतं. बापात पट्टे होते (पट्ट्यांच्या कोंबड्याचं आधीचं वीर्य, प्रश्न १४), किंवा बाप स्वतःच क्रॉस होता (प्रश्न १०), किंवा गालावरचं पांढरं बघून ठिपका समजलं (प्रश्न ४). त्या तलंगेकडे आत्ता बघा. अंगावर पट्टे आहेत का? असतील तर बाप दुसरा कुणीतरी आहे किंवा पट्ट्यांचा आहे, शंभर टक्के, कारण आईकडून तिला पट्टे मिळूच शकत नाहीत. अंग साधं काळं असेल तर ठिपका ओळखताना गडबड झाली.

२२. आणि माझी कोंबडी अंडी द्यायची, आता कोंबड्यासारखी आरवते, तुरा वाढलाय. तिचा रंग बघून बाप म्हणून वापरू का?

नका वापरू, ती कोंबडीच आहे. कोंबडीत डावंच अंडाशय काम करतं, ते आजाराने निकामी झालं की मादी हार्मोन कमी पडतात, तुरा वाढतो, नवीन पिसं नरासारखी येतात, आरवणंही सुरू होतं. क्रोमोसोम मात्र झेड-डब्ल्यूच राहतात, त्यामुळे तिचा रंगाचा जीन एकच आहे. कळपात कोंबडा नसेल तर एखादी दबंग कोंबडी आजार नसतानाही आरवते, पण तिचा तुरा आणि पिसं बदलत नाहीत, अंडीही चालू राहतात. तुमच्या कोंबडीचं पोट सुजलेलं लागत असेल किंवा ती खात नसेल तर वेगळी ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, अंडाशयाची गाठही असू शकते.